एका संध्याकाळच्या पोशाखाला ११२ डॉलर?

वाचकाचे पत्र

सप्रेम नमस्कार. आम्ही बऱ्याच वर्षांपासून न्यू जर्सीत एडिसनला राहतो. दोघेही नोकरी करतो. मुलगी आठ वर्षांची आहे, मुलगा पाच वर्षांचा. गेल्या हॅलोवीनला, म्हणजे मुले वेश करून दारोदार चॉकलेटे गोळा करतात त्या ऑक्टोबरअखेरच्या सणाला, मुलीने एका चित्रपटातल्या राजकन्येचा पोशाख मागितला. झगा ५५ डॉलरचा होता. त्यावर केसांचा टोप २०, बुटांवर चढवायची आवरणे १५, हातातली काठी १२, आणि आम्ही ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात जागे झालो म्हणून लवकर घरपोच मागवण्याचे १०, असे ११२ डॉलर झाले. मुलाने हवा भरून फुगणारा डायनासोर घेतला, ५० डॉलरचा. तो शाळेत चालणार नाही असे शाळेने कळवले, म्हणून तिथल्या मिरवणुकीसाठी आयत्या वेळी २५ डॉलरचा फायरमनचा पोशाख आणला. एकूण १८७ डॉलर. आमचे मिस्टर या रकमेचे रुपये करून मला ऐकवतात, पण स्वतःच्या ऑफिसच्या पार्टीसाठी त्यांनी ९० डॉलरचा समुद्री चाचा विकत आणला होता. सासूबाई तेव्हा नाशिकहून आल्या होत्या. दिवाळीचे परकर-पोलके आम्ही ओक ट्री रोडवर ३५ डॉलरला घेतले होते, ते त्यांच्या लक्षात होते. “लक्ष्मीच्या सणाला पस्तीस आणि भुतांच्या सणाला एकशे बारा?” असे त्या म्हणाल्या, ते मला अजून बोचते. माझी एक मैत्रीण घरातल्या चौघांच्या एकाच थीमच्या पोशाखांवर तीनशेच्या वर खर्च करते आणि फोटो टाकते. घरी काही करू म्हटले तर मुलगी म्हणते, सगळ्या हसतील. आता सप्टेंबर लागला आणि तिची यादी सुरू झाली आहे. नक्की किती खर्च रास्त आहे? आम्ही उधळे आहोत की चिक्कू?

(नाव प्रसिद्ध करू नये.)

उत्तर

प्रिय भगिनी,

सप्रेम नमस्कार. तुमच्या प्रश्नाचे आकड्यातले उत्तर आधी देते, कारण आकडा सांगायची वेळ आली की सल्ला देणारी माणसे “ज्याची त्याची परिस्थिती” म्हणून निसटतात, असा वाचकांचा आक्षेप असतो आणि तो खोटा नाही. तुमच्यासारख्या दोघे मिळवत्या घराने एका मुलामागे ४० ते ५० डॉलर ठरवावेत, आणि त्यात झगा, टोप, बूट, हातातली वस्तू, घरपोच मागवण्याचा खर्च असे सगळे धरावे. हट्ट फारच मनापासूनचा असेल तर पाच डॉलर इकडे-तिकडे झाले म्हणून काही बिघडत नाही. ज्या घरात एकच पगार येतो आणि त्यातला मोठा हिस्सा घरभाड्यातच जातो, त्या घराला मी २० सांगितले असते, आणि वीस डॉलरांतही मुलाची हौस होते. कशी होते ते पुढे येईलच. गेल्या वर्षी तुमचे १८७ डॉलर गेले ते जास्तच गेले, याबद्दल माझे दुमत नाही. पण ते मुलांच्या हट्टापायी गेले असे तुम्ही धरून चालला आहात, ते मात्र मला पटत नाही.

तुमचाच हिशेब जरा वेगळा मांडून पाहा. मुलीला राजकन्या व्हायचे होते, आणि त्या मागणीची किंमत ५५ डॉलर होती. वरचे ५७ डॉलर जोडवस्तूंचे आणि उशिराचे आहेत. केसांचा टोप नायलॉनचा असतो, त्याच्या आतली जाळी कपाळाला टोचते, आणि आठ वर्षांच्या मुलीच्या डोक्यावर तो पाच-सहा घरे फिरेपर्यंत राहिला तरी पुष्कळ. त्यानंतर तो आईच्या पिशवीत जातो आणि पुढची सगळी संध्याकाळ तिथेच असतो. बुटांची आवरणे म्हणजे खाली इलॅस्टिकची पट्टी लावलेले चकचकीत कापड. ती लोकांच्या पायऱ्या चढता-उतरताना निसटतात, ओल्या पानांत मळतात, आणि अंधारात कोणी कोणाच्या पायांकडे पाहत नाही. मुलीच्या कपाटात एखादी काळी किंवा तपकिरी बुटांची जोडी असेलच. काठीसाठी हार्डवेअरच्या दुकानातली साधी गोल काठी आणि चंदेरी टेपचे एक रीळ पुरते. राहिले लवकर मागवण्याचे दहा डॉलर, त्यांत तर मुलीचा काडीचाही दोष नाही.

मुलाचे प्रकरण याहून स्पष्ट आहे. त्याने एकदाच डायनासोर मागितला आणि तुम्ही दोनदा पैसे दिले. फुगणारे पोशाख, चेहरा झाकणारे मुखवटे आणि खोटी शस्त्रे बऱ्याच शाळा चालवून घेत नाहीत, आणि तसे पत्र साधारण ऑक्टोबरच्या सुरुवातीला पालकांना येते. ते येईपर्यंत मुलाचा पोशाख घेऊच नये. शिवाय फुगणारा डायनासोर दिसायला कितीही मजेदार असला तरी पाच वर्षांच्या मुलाच्या तो अंगावर येतो. पाठीशी किंवा कमरेशी बसवलेला छोटा पंखा सेलवर चालतो आणि सतत हवा भरत राहतो. सेल उतरले की डायनासोर मलूल होतो. समोरच्या पारदर्शक खिडकीवर मुलाच्याच श्वासाची वाफ धरते. गाडीतल्या छोट्या आसनाचे पट्टे त्याच्यावरून नीट आवळता येत नाहीत, म्हणून दोन गल्ल्या पलीकडच्या मित्राकडे जायचे तरी तो उतरवून पुन्हा चढवावा लागतो. त्यापेक्षा टोपीला दात आणि पाठीला काटे शिवलेला, मऊ उबदार कापडाचा एकसंध डायनासोर ३० डॉलरच्या आत मिळतो. तो शाळेत चालतो, संध्याकाळी चालतो, आणि पुढे थंडीभर झोपताना घालायला होतो. म्हणजे गेल्या वर्षीच्याच दोन्ही मागण्या, कोणाचेही मन न मोडता, ८५ डॉलरांत भागल्या असत्या.

पोशाखाचे पाकीट हातात घेतल्यावर त्याची मागची बाजू आधी वाचावी, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. पुढच्या चित्रातल्या मुलीने जे काही घातलेले असते, त्यातले काय आत नाही याची यादी मागे बारीक अक्षरांत छापलेली असते, आणि ती बहुधा टोप, बूट, दागिने, हातातली वस्तू अशी असते. झग्याची किंमत आकर्षक ठेवायची आणि बाकीच्या वस्तू शेजारच्या खुंटीवर टांगायच्या, असा हा सगळा मामला आहे.

आतले कापडही कपडा म्हणून टिकावे अशा अपेक्षेने शिवलेले नसते. हे मी उगाच म्हणत नाही. अमेरिकेच्या अपील न्यायालयाने तसा निवाडा दिलेला आहे. रूबीज या न्यूयॉर्कच्या जुन्या पोशाख कंपनीचे म्हणणे असे होते की परदेशातून येणारे असले पोशाख कपडे म्हणून धरावेत आणि त्यांच्यावर कपड्यांचे आयातशुल्क लावावे. २००३ साली फेडरल सर्किट या अपील न्यायालयाने ते अमान्य केले आणि तकलादू बांधणीचे, न टिकणारे, एरवी कोणी अंगावर घालणार नाही असे पोशाख हे कपडे नसून सणाच्या वस्तू आहेत, असे ठरवले. गंमत अशी की तुमच्या न्यू जर्सीच्या विक्रीकराच्या नियमांत मात्र हाच पोशाख कपड्यांत मोडतो, म्हणून त्यावर विक्रीकर पडत नाही, आणि मुखवटा वेगळा घेतला तर त्यावर ६.६२५ टक्के पडतो. मी न्यायालयाच्या बाजूची आहे. आकाशकंदील विकत घेताना तो पुढच्या वर्षीही टिकेल का हे आपण फारसे विचारत नाही, पण म्हणूनच त्याला किती द्यायचे याची एक कमाल मर्यादा प्रत्येक घराच्या मनात असते. या झग्याकडे तसेच पाहावे. परकर-पोलक्याशी त्याची किंमत ताडून पाहण्यात अर्थ नाही, कारण परकर-पोलके हा खराखुरा कपडा आहे.

इतर लोक किती खर्च करतात हे तुम्ही थेट विचारलेले नाही, पण “उधळे की चिक्कू” या प्रश्नात ते आहेच. नॅशनल रिटेल फेडरेशन ही किरकोळ विक्रेत्यांची संघटना दर वर्षी ग्राहकांना विचारून अंदाज प्रसिद्ध करते. २०२३ च्या अंदाजात हॅलोवीनचा एकूण खर्च १२.२ अब्ज डॉलर होता आणि त्यातले ४.१ अब्ज पोशाखांचे होते. या पोशाखांच्या खर्चात मुलांचा वाटा १.४ अब्जांचा, मोठ्या माणसांचा २ अब्जांचा आणि कुत्र्या-मांजरांचा ७० कोटींचा होता. देशात अठरा वर्षांखालची मुले सव्वासात कोटींच्या आसपास आहेत. त्यांतल्या निम्म्यांसाठी पोशाख विकत घेतला गेला असे धरले, तर माझ्या ढोबळ हिशेबाने एका मुलामागे ३८-३९ डॉलर येतात. हा विक्रेत्यांचाच अंदाज आहे हे लक्षात ठेवून वाचावा, पण मी वर सांगितलेली मर्यादा हवेतून काढलेली नाही एवढे त्यावरून दिसेल.

याच आकड्यांत तुमच्या यजमानांसाठीही मजकूर आहे. मोठी माणसे आपल्या वेशांवर मुलांपेक्षा जास्त पैसे घालवतात, आणि तुमच्या घरी तर त्यांचा एकट्याचा समुद्री चाचा दोन्ही मुलांच्या रास्त खर्चाहून महाग निघाला. त्यांना हे भांडणाच्या सुरात सांगू नका. घराचा हॅलोवीनचा जो काही एकत्र आकडा ठरेल, त्यात त्यांचाही रकाना घाला, म्हणजे बोलण्याची गरजच पडणार नाही. ११२ डॉलरचे नऊ-दहा हजार रुपये होतात आणि तेवढ्यात नाशिकला काय काय आले असते, हा हिशेब ऐकायला भेदक वाटतो. पण ज्या घराचे भाडे, विमा, किराणा आणि पगार सगळे डॉलरांत आहे, त्या घराने एकाच खर्चाचे रुपये करायचे आणि बाकीच्यांचे करायचे नाहीत, हा न्याय नव्हे. आपल्या लोकांत ही सवय फार आहे: स्वतःला पटलेला खर्च डॉलरांत राहतो आणि न पटलेल्याचे लगेच रुपये होतात. तुलना करायचीच असेल तर तुमच्याच आयुष्यातल्या खर्चाशी करावी. मुलांच्या वर्गातल्या वाढदिवसांना तुम्ही प्रत्येकी २० ते २५ डॉलरची भेट नेत असाल. त्या मापाने ५० डॉलरचा पोशाख म्हणजे दोन वाढदिवस झाले, आणि १८७ डॉलर म्हणजे जवळजवळ अख्ख्या वर्गाचे निम्मे वाढदिवस.

सासूबाईंच्या बोलण्याने तुम्हाला जे लागले आहे त्याकडे मी थोडे सावकाश पाहणार आहे. त्यांचा रोख रकमेवर कमी आणि मानावर जास्त होता. आपला सण नातवंडांच्या मनात दुय्यम होतो आहे की काय, ही त्यांची काळजी आहे, आणि दोन्ही सण असे एकमेकांना चिकटून येत असल्यामुळे ती दर वर्षी नव्याने वर येते. २०२४ साली तर नरक चतुर्दशी नेमकी ३१ ऑक्टोबरला आली होती. सकाळी अभ्यंगस्नान आणि संध्याकाळी दारोदार चॉकलेटे, असा तो दिवस तुमच्याकडच्या कितीतरी मराठी घरांनी काढला. पण परकर-पोलक्याचे ३५ डॉलर म्हणजे दिवाळीचा खर्च नव्हे. फराळाचे सामान, कंदील, पणत्या, मंडळाच्या कार्यक्रमाची तिकिटे, घरी बोलावलेल्या माणसांचे जेवण हे सगळे मोजले तर पारडे कुठे झुकते ते सासूबाईंना स्वतःलाच दिसेल; त्या फराळात त्यांचाही हात असणार. हा हिशेब त्यांना वादात हरवण्यासाठी न मांडता सहज बोलता बोलता मांडावा. आणि त्या यंदा येणार असतील तर त्यांना सुई-दोऱ्याचे काम द्यावे. विकतचे झगे बहुधा एक माप मोठे घ्यावे लागतात, त्यांचा घेर वर उचलून टाके घालावे लागतात, बाह्या आवळाव्या लागतात, निघू पाहणारी टिकल्यांची पट्टी पुन्हा शिवावी लागते. ज्या कामात आपण स्वतः बसलो आहोत, त्याला “भुतांचा सण” म्हणून हिणवणे जरा जड जाते.

आता मुलीचे “सगळ्या हसतील.” ही भीती खरी आहे आणि तिला उपदेशाने उत्तर देता येत नाही. “आमच्या वेळी आईच्या साडीचा पदर डोक्यावर घेतला की झाली झाशीची राणी” हे तुम्ही सांगितले तर ते खरेच असेल, पण त्या वेळी वर्गातल्या तीन झाशीच्या राण्या तशाच साडीतल्या होत्या. शिवाय ज्यांना थाटाचा वेश हवा असे, त्यांना तिथे भाड्याची सोय होती. गावोगावी ड्रेपरीवाले असतात, मुंबईत तर मगनलाल ड्रेसवाला यांच्यासारख्या जुन्या पेढ्या आहेत, आणि स्नेहसंमेलनाचा मावळा दुसऱ्या दिवशी धुऊन परत जातो. अमेरिकेत लहान मुलांच्या पोशाखांची भाड्याची पद्धत फारशी रुळलेली नाही, कारण बाहेरून येणारा नवा पोशाखच इतका स्वस्त पडतो की भाड्याचा व्यवहार परवडत नाही. त्यामुळे एका संध्याकाळच्या वापरासाठी मालकी विकत घ्यावी लागते. खरी महागाई ती आहे.

पण पोशाख हुबेहूबच हवा, ही कल्पना इथेही फार जुनी नाही. १९३७ साली सुरू झालेल्या ब्रुकलिनच्या बेन कूपर कंपनीने जे पोशाख घरोघरी पोचवले, ते पुठ्ठ्याच्या खोक्यात येत. त्यात पातळ प्लॅस्टिकचा, मागे रबर लावलेला मुखवटा असे आणि एक झुळझुळीत झबले, ज्याच्या छातीवर त्या पात्राचे चित्र किंवा नावच छापलेले असे. मूल हुबेहूब त्या पात्रासारखे दिसत नसे, पण ओळखू येई. मुलांना आजही एवढेच हवे असते: दार उघडणाऱ्या माणसाने न विचारता ओळखावे. म्हणून घरी करायचे ते ओळखीची एक खूण पक्की धरून करावे. निळ्या झग्यावर त्या राजकन्येची विशिष्ट वेणी आणि विशिष्ट रंगाचा शेला असेल तर बाकीचे काय आहे ते कोणी पाहत नाही. अर्धे विकतचे आणि अर्धे घरचे ही वाटणी आठ वर्षांच्या मुलीला सहसा पटते. संपूर्ण घरचेच असा आग्रह धरला तर मात्र तिच्या डोळ्यांत पाणी येईल, आणि तुम्हीच ३० तारखेला दुकानात धावाल.

याच ओघात एक सांगते, कारण पुष्कळ मराठी आया ही युक्ती करतात. घरात रेशमी परकर आहे, दागिने आहेत, मग मुलीला “इंडियन प्रिन्सेस” करून पाठवायचे आणि पैसे वाचवायचे. मुलीला स्वतःला झाशीची राणी किंवा अहिल्याबाई व्हायचे असेल तर बेशक करावे. तिला ती गोष्ट माहीत असते आणि दारादारांत सांगायला आवडते. पण केवळ काटकसरीसाठी सणाचे कपडे वेश म्हणून अंगावर चढवले, तर प्रत्येक दारात “आणि तू कोण झालीस?” हा प्रश्न तिला झेलावा लागतो, आणि आठवड्याभराने तेच कपडे मंडळाच्या दिवाळीला घालताना तिला ते कसे वाटतील याचा आपण विचार करत नाही. मला ही काटकसर महाग वाटते.

ठरलेली रक्कम मुलीला आत्ताच, सप्टेंबरमध्ये, सांगून टाका. “पैसे नाहीत” म्हणू नका, कारण ते खोटे आहे आणि तिला ते कळते. तिने तुम्हाला आठवड्यातून दोनदा बाहेरून जेवण मागवताना पाहिलेले असते. “हॅलोवीनसाठी आपण पन्नास ठरवले आहेत, त्यात सगळे बसव” असे सांगा आणि उरतील ते तिच्याच डब्यात जातील, ही अट घाला. ही अट फार कामाची आहे. टोपाचे २० डॉलर तुम्ही नाकारले तर रडारड होते. तेच २० डॉलर डब्यात पडणार असतील तर टोप टोचतो हे तिला आपसूक आठवते. ती यादी करील, खोडील, पुन्हा करील, त्यात पंधरा दिवस जातील, ते जाऊ द्यावेत. मुलाच्या वयाला हे जमणार नाही. त्याच्यासमोर तुम्हीच निवडलेले दोन पोशाख ठेवा आणि त्यांतला एक त्याला घेऊ द्या.

वीस डॉलरांत कसे भागते, ते आता सांगते. एकदाच वापरलेले पोशाख गुडविलसारख्या दुकानांत सप्टेंबरपासून वेगळ्या रांगेत टांगलेले असतात, आणि चार वर्षांपासून दहा वर्षांपर्यंतची मापे त्यांत भरपूर असतात, कारण याच वयात मुले दर वर्षी पोशाखाबाहेर वाढतात. अनेक गावांतली ग्रंथालये ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात पोशाखांची अदलाबदल ठेवतात. तुमच्या भागातल्या ग्रंथालयाकडे चौकशी करा, आणि ते करत नसतील तर मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एक निरोप टाका. कोजागिरीला माणसे जमतातच, तिथे एक टेबल मांडले की काम झाले. फेसबुकवरच्या “बाय नथिंग” (वस्तू फुकट देण्या-घेण्याच्या) गटांतही या दिवसांत पोशाखांची ये-जा चालते. नवाच हवा असेल तर कॉस्टकोसारख्या दुकानांत तो उन्हाळा संपता संपताच येतो, आणि तिथला माल किमतीच्या मानाने जाड कापडाचा असतो. मात्र ऑक्टोबर उजाडेपर्यंत मापे संपलेली असतात. स्पिरिट हॅलोवीनची दोन-तीन महिन्यांपुरती उघडणारी दुकाने पाहायला मुलांना जरूर न्यावे, पण ठरलेली रक्कम खिशात घेऊनच. १ नोव्हेंबरला पुष्कळ ठिकाणी किमती निम्म्यावर येतात. तेव्हा पुढच्या वर्षासाठी एखाद्या पात्राचा पोशाख घेऊन ठेवू नये, कारण मुलांची आवड वर्षभर टिकत नाही. काळा झगा, पंख, साधा मुकुट, टोपी असल्या कोणालाही चालणाऱ्या वस्तू तेव्हा घ्याव्यात.

काही खर्च मी स्वतःहून वाढवायला सांगते. न्यू जर्सीत ऑक्टोबर अखेरची संध्याकाळ गार असते. २०११ मध्ये तर हॅलोवीनच्या तोंडावर बर्फ पडले होते आणि २०१२ मध्ये सँडी वादळामुळे राज्यपालांनी तो सण ५ नोव्हेंबरवर ढकलला होता. पातळ झग्यावर जाकीट चढवले की पन्नास डॉलर जाकिटाखाली गडप होतात आणि मुलगी हिरमुसते. म्हणून झगा एक माप मोठा घ्या आणि आतून उबदार पायजमा व पूर्ण बाह्यांचा गरम बनियन घाला. दुसरा खर्च परावर्तक टेपचा, जो गाडीच्या दिव्यात चमकतो. १९७५ ते २०१६ या काळातले अपघात तपासणारा एक अभ्यास “जामा पीडियाट्रिक्स” या नियतकालिकात आला होता. त्यात हॅलोवीनच्या संध्याकाळी पादचाऱ्यांच्या मृत्यूचा धोका आसपासच्या इतर संध्याकाळींपेक्षा ४३ टक्क्यांनी जास्त आढळला, आणि चार ते आठ वर्षांच्या मुलांत तो सर्वांत जास्त वाढलेला होता. तुमची दोन्ही मुले त्याच वयाची आहेत. झग्याच्या पाठीला आणि चॉकलेटांच्या पिशवीला टेप लावा, घेर घोट्याच्या वर ठेवा. सासूबाईंच्या जुन्या ओढणीचा शेला करणार असाल तर तो लांब लोंबू देऊ नका, कारण दाराशी ठेवलेल्या कोरीव भोपळ्यात अजूनही काही घरी खरी मेणबत्ती असते. विकतच्या पोशाखावर “फ्लेम रेझिस्टंट” (सहज पेट न घेणारे) असे लेबल आहे ना, तेही पाहून घ्यावे.

तुमच्या मैत्रिणीच्या तीनशे डॉलरांबद्दल मला काही म्हणायचे नाही. तो त्यांचा शौक आहे, कदाचित वर्षातला एकुलता एक. तुमच्या मुलीने त्या फोटोंचा उल्लेख केलेला तुमच्या पत्रात नाही. तो तुम्ही केला आहे.

खरेदी ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत संपवा, पोशाख आला की त्याच दिवशी घालून पाहा आणि पावती जपून ठेवा. हॅलोवीनचा माल परत घेण्याची मुदत पुष्कळ दुकानांत सणाच्या आधीच संपते. गेल्या वर्षीच्या वस्तूंपैकी फायरमनचा पोशाख मुलाच्या शाळेला विचारून बघा. ज्यांच्याकडे काहीच नसते अशा मुलांसाठी काही शिक्षिका कपाटात दोन-चार जादा पोशाख ठेवतात. फुगणारा डायनासोर मात्र याच महिन्यात विकायला काढा, पंचवीस डॉलर सहज यावेत. त्याआधी नवे सेल घालून तो एकदा पूर्ण फुगवून पाहा आणि शेपटीची शिवण तपासा, कारण ती उसवलेली असली तर हवा धरत नाही आणि घेणारा दुसऱ्या दिवशी तो परत घेऊन येतो.